शब्द कोणाचा चालतो?



कामाच्या कोणत्याही गटात दोन प्रकारचे प्रमुख असतात. एकाचे नाव दारावरच्या पाटीवर असते आणि पगारपत्रकातही. दुसऱ्याचे नाव कुठेच नसते. तरीही यंत्र अडले, साहेबांपुढे गाऱ्हाणे न्यायचे झाले, दोघांत बिनसले, की माणसे त्याच्याकडे वळतात आणि तो म्हणेल तसे करतात. हे अनौपचारिक नेतृत्व. ते हुकमाने मिळत नाही, गट ते देतो. आणि देतो तो रोजच्या बोलण्यातून. कोण सुचवतो, कोण अडवतो, कोणाचे म्हणणे पुढचा माणूस उचलून धरतो, कोणाचे हवेत विरते, यांतून ते हळूहळू घडते.

मग प्रश्न असा, की अशा गटात स्त्रियांचा शब्द किती चालतो? आणि कमी चालत असेल तर का? याचे सोपे उत्तर ठरलेले आहे : स्त्रियांची बोलण्याची पद्धत वेगळी असते, म्हणून. गेल्या शंभर वर्षांचा अभ्यास पाहिला तर हे उत्तर टिकत नाही. बोलणाऱ्याच्या पद्धतीपेक्षा ऐकणाऱ्यांचा हिशेब आणि गटाने घालून घेतलेले नियम यांवर हे नेतृत्व कितीतरी अधिक अवलंबून असते. त्याचा पुरावा एका कारखान्यातल्या दोन खोल्यांपासून पाहावा लागतो.

अमेरिकेत शिकागोजवळ सिसरो या गावी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा कारखाना होता. तेथे टेलिफोनची यंत्रसामग्री बनत असे. व्यवस्थापनशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात हॉथॉर्नचे नाव येते. अनौपचारिक गट ही कल्पना रुजली ती मुख्यतः तेथल्या प्रयोगांमुळे.

पहिली खोली स्त्रियांची. 1927 च्या वसंतात रिले जोडणाऱ्या पाच तरुणी आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी सहावी, अशा सहाजणींना मोठ्या खात्यातून काढून वेगळ्या खोलीत बसवले गेले. रिले म्हणजे टेलिफोनच्या जोडणीत लागणारी लहानशी विद्युत कळ. एक जोडायला साधारण मिनिटभर लागे. विश्रांतीच्या सुट्या, कामाचे तास, मोबदल्याची रीत यांत एकामागून एक बदल करायचे आणि उत्पादन मोजायचे, असा हा प्रयोग. मुख्य खात्यापेक्षा येथे बोलायला मोकळीक होती. पण ही मोकळीक किती खरी? जानेवारी 1928 मध्ये पाचपैकी दोघींना परत पाठवण्यात आले. त्या फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत, असा त्यांच्यावर ठपका होता.

त्यांच्या जागी आलेल्या दोघींपैकी एकीच्या घरची आर्थिक ओढाताण मोठी होती आणि तिला मिळकतीची निकड होती. मोबदला आता या छोट्या गटाच्या एकत्रित उत्पादनावर मिळत होता, म्हणजे प्रत्येकीचा वेग सगळ्यांच्या पाकिटात उमटत होता. ही बाई स्वतः झपाट्याने काम करी आणि इतरांनाही हात चालवायला लावी. गटाला वेग देणारी ती होती. पुढच्या काळात उत्पादन सुमारे तीस टक्क्यांनी वाढले. श्रेय कोणाला मिळाले? खोलीतल्या पुरुष देखरेखवाल्याच्या प्रेमळ वागणुकीला. हार्वर्डचे एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगातून मानवी संबंधांचा विचार मांडला. त्यात आपुलकीने वागवले की कामगार फुलतो हे सूत्र मध्यभागी आले, आणि हिशेब ठेवून सोबतिणींना पुढे खेचणारी ती कामगार मागे राहिली.

दुसरी खोली पुरुषांची. नोव्हेंबर 1931 ते मे 1932 या काळात टेलिफोन केंद्रातल्या फलकांची तारजोडणी करणाऱ्या चौदाजणांचे निरीक्षण झाले : नऊ तारा जोडणारे, तीन डाग देणारे, दोन तपासनीस. हे लोकही बोलत. वाद घालत, पैजा लावत, खिडकी उघडावी की मिटावी यावरून भांडत, नियमात बसत नसतानाही आपसांत कामांची अदलाबदल करत. दिवसाला दोन फलक हे प्रमाण त्यांनी स्वतःच ठरवले होते. त्याहून जास्त काम करणाऱ्याला नावे ठेवली जात आणि दंडावर एक जोरदार ठोसा मिळे. फार कमी काम करणारा इतरांचे खातो असे मानले जाई. साहेबांकडे चुगली हे तर सर्वांत मोठे पाप. त्यांच्यातल्या एका तारजोडणाऱ्याला कसलाही अधिकार नव्हता. पण वादात बहुधा त्याचीच सरशी होई आणि सल्ल्यासाठी सगळे त्याच्याकडे जात. निरीक्षकाने त्यांना काही सांगायचे नाही, फक्त पाहायचे, असे आधीच ठरले होते. बोलण्यावरून कोणालाही हलवले गेले नाही.

दोन्ही खोल्यांत माणसे बोलत होती, दोन्हींत पदाशिवाय कोणीतरी पुढे झाले होते. पुरुषांच्या बोलण्यातून अभ्यासकांना एक संपूर्ण समाजव्यवस्था दिसली : नियम, शिक्षा, निष्ठा, पुढारी. स्त्रियांचे बोलणे मात्र आधी बेशिस्त ठरले आणि नंतर समाधानाचे लक्षण. दोन्ही खोल्यांचा वृत्तान्त रोथ्लिसबर्गर आणि डिक्सन यांच्या 1939 च्या ग्रंथात शेजारी शेजारी आहे, पण ही तुलना करायला पस्तीस वर्षे जावी लागली. 1974 मध्ये जोन अॅकर आणि डोनाल्ड व्हॅन हाउटन यांनी ती केली. स्त्रिया निवडून आणलेल्या, संख्येने थोड्या, पुरुषांच्या थेट नजरेखाली; पुरुष आपल्या नेहमीच्या गटात, नेहमीच्या कामावर. इतक्या वेगळ्या सत्ताव्यवस्थेत बसवलेल्या दोन गटांच्या वागण्यातून माणसाच्या स्वभावाविषयी सामान्य नियम काढले गेले, हा त्यांचा आक्षेप होता. तो आजही तितकाच जिवंत आहे. अनौपचारिक नेतृत्वाचा अभ्यास ज्या कारखान्यात सुरू झाला, तेथेच स्त्रीचे नेतृत्व डोळ्यांसमोर असून त्याला निष्कर्षांत स्थान मिळाले नाही.

यापुढचा टप्पा प्रयोगशाळेतला. हार्वर्डमध्ये रॉबर्ट बेल्स यांनी लहान गटांच्या चर्चा काचेआडून पाहून प्रत्येक वाक्याची नोंद ठेवण्याची पद्धत 1950 मध्ये मांडली. सूचना, मत, प्रश्न, होकार, विरोध, विनोद अशा बारा घरांत वाक्ये वाटली जात. त्यांच्या लक्षात आले, की गटात बहुधा दोन पुढारी उभे राहतात. एक काम पुढे रेटतो. दुसरा माणसे सांभाळतो, ताण हलका करतो, दुखावलेल्याला परत चर्चेत आणतो. कामाचा पुढारी फारसा आवडता नसतो; आवडता माणूस वेगळाच असतो.

येथे एक तपशील डोळ्याआड होता कामा नये. हे गट मुख्यतः पुरुष विद्यार्थ्यांचे होते. काम रेटणारा पुरुषच, माणसे सांभाळणाराही पुरुषच. तरी 1955 मध्ये टॅल्कॉट पार्सन्स यांच्यासह बेल्स यांनी कुटुंबावर लिहिले, तेव्हा या जोडीतली पहिली भूमिका पतीकडे आणि दुसरी पत्नीकडे दिली गेली. मुख्यतः पुरुषांच्या गटांत आढळलेली श्रमविभागणी अशी स्त्री-पुरुषांच्या स्वभावावर चिकटवली गेली. तेथून ती व्यवस्थापनाच्या वर्गात आली, आणि कचेरीतल्या बाईकडे वाढदिवसाचा केक, नव्या माणसाची विचारपूस आणि दोघांतला समेट ही कामे आपोआप जाऊ लागली, तेव्हा त्यामागे शास्त्र आहे असा समज घट्ट झाला.

आता बोलण्याच्या पद्धतीकडे. 1975 मध्ये रॉबिन लॅकॉफ यांनी स्त्रियांच्या भाषेवर लिहिलेले छोटे पुस्तक गाजले. स्त्रिया वाक्याला “नाही का?” असे शेपूट जोडतात, “मला वाटतं”, “थोडंसं” यांनी विधान मऊ करतात, विनंती वळणाने करतात, असे त्यांचे निरीक्षण. त्याच वर्षी डॉन झिमरमन आणि कँडेस वेस्ट यांनी कॅलिफोर्नियातल्या संभाषणांचे ध्वनिमुद्रण तपासले. स्त्री-पुरुषांच्या संभाषणात 48 वेळा कोणीतरी मध्येच तोडले होते, त्यांत 46 वेळा तोडणारा पुरुष होता. हा आकडा जगभर फिरला. पण संभाषणे होती फक्त अकरा. पुढे झालेल्या पुष्कळ अभ्यासांचा एकत्र ताळा केला तेव्हा फरक बराच लहान निघाला. बोलणे हिसकावून घेण्याच्या हेतूने तोडणे वेगळे काढून मोजले, की तो वाढे.

मऊ भाषेविषयीचा निर्णायक पुरावा न्यायालयातून आला. विल्यम ओबार आणि बोमन अॅटकिन्स यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात साक्षीदारांची भाषा तपासली आणि 1980 मध्ये निष्कर्ष मांडला. अडखळणारी, आडवळणाची, क्षमा मागत बोलली जाणारी भाषा काही स्त्रियांकडे होती हे खरे. पण डॉक्टर किंवा तज्ज्ञ म्हणून साक्ष देणाऱ्या स्त्रियांकडे ती जवळजवळ नव्हती. उलट समाजात खालच्या पायरीवर असलेल्या, कचेरी-कोर्टाची सवय नसलेल्या पुरुषांकडे ती होती. म्हणजे जी स्त्रियांची भाषा म्हणून ओळखली गेली, ती सत्ता नसलेल्याची भाषा होती. सरकारी कचेरीच्या खिडकीसमोर उभा राहिलेला शेतकरी कसा बोलतो, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही.

मग भाषा बदलली तर प्रश्न सुटेल का? ठामपणे बोला, मोठ्याने बोला, मध्ये पडा, असे शिकवणाऱ्या कार्यशाळा याच आशेवर चालतात. ही आशा तपासून पाहण्यासारखी आहे.

1969 मध्ये एडविन मेगार्गी यांनी एक साधा प्रयोग केला. आधी चाचणी घेऊन अधिकार गाजवण्याकडे कल असलेली आणि नसलेली माणसे वेगळी केली. मग एक तशी आणि एक अशी अशा जोड्या लावल्या आणि सांगितले, एकाने सूचना द्यायच्या, दुसऱ्याने पाळायच्या. कोण काय करणार ते तुम्हीच ठरवा. दोन्ही पुरुष किंवा दोन्ही स्त्रिया असल्या, की अधिकाराचा कल असलेली व्यक्ती साधारण चारांतल्या तीन वेळा पुढारी होई. पुरुषाकडे तो कल असला आणि जोडीला स्त्री असली, तर दहांतल्या नऊ वेळा. स्त्रीकडे तो कल असला आणि जोडीला दबून राहणारा पुरुष असला, तर फक्त पाचांतल्या एका वेळा ती पुढारी झाली. पण खरे मर्म ध्वनिमुद्रणात होते. त्या जोड्यांमध्ये निर्णय बहुतेक वेळा स्त्रीनेच घेतला होता. “तुम्ही पुढारी व्हा” असे तिनेच सांगितले होते. नेतृत्व तिने केलेच. आणि त्याच नेतृत्वाने पद दुसऱ्याच्या हाती दिले. कशामुळे? पुढारी म्हणजे पुरुष हे चित्र दोघांच्याही मनात आधीपासून होते. अॅलिस ईगली आणि स्टीव्हन काराऊ यांनी 2002 मध्ये याचीच उपपत्ती मांडली. पुढाऱ्याकडून अपेक्षित असलेले गुण आणि स्त्रीकडून अपेक्षित असलेले गुण जुळत नाहीत. त्यामुळे मऊ बोलणारी पुढारी वाटत नाही आणि ठाम बोलणारी चांगली बाई वाटत नाही. दोन्हीकडून तोटा.

ठाम, विधायक, पुढचा मार्ग सुचवणारे बोलणे तरी उपयोगी पडते का? 2018 मध्ये एलिझाबेथ मॅक्लीन आणि सहकाऱ्यांनी हे अमेरिकेच्या लष्करी अकादमीतल्या तुकड्यांत आणि नंतर एका प्रयोगात तपासले. नवी कल्पना मांडणाऱ्या पुरुषाचे वजन गटात वाढे आणि पुढे तोच पुढारी ठरे. तीच कल्पना मांडणाऱ्या स्त्रीला तसा लाभ होत नसे. प्रयोगात तर शब्द तेच ठेवले होते, बोलणारा एरिक आहे की एरिका एवढेच बदलले होते. मग दोष कल्पनेचा कसा? शैलीचा तरी कसा? फरक पडला तो ऐकणाऱ्यांच्या मनातल्या वहीत.

ही गोष्ट फक्त अमेरिकेची आहे का? मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास येथे आणावा लागतो. 1920 च्या दशकात तेथल्या कामगारांत सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. पुरुषांच्या खात्यांवर जसा जॉबर, म्हणजे भरती आणि देखरेख करणारा मुकादम, तशी या खात्यांवर नायकीण. भरती तिच्या हाती, रजा तिच्या हाती, आणि त्यासाठी द्यावी लागणारी लाच, म्हणजे दस्तुरीही तिलाच. तिचा जाच होता, आणि तिचा आधारही होता. गावाकडच्या ओळखीने आलेली बाई शहरात टिकायची ती पुष्कळदा तिच्यामुळे. 1931 च्या शाही कामगार आयोगाने जॉबरांच्या भरतीपद्धतीवर कठोर टीका केली आणि मोठ्या संख्येने स्त्रिया असलेल्या कारखान्यांत त्यांच्या देखरेखीसाठी शिकलेली, अनुभवी बाई नेमावी असे सुचवले. भ्रष्टाचार थांबवण्याचा हेतू योग्यच होता. तरी त्या सूचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते : खात्यातल्या निरक्षर बायकांमधून उभे राहिलेले नेतृत्व हे घालवायचे दूषण आहे, घडवायची ताकद नाही.

ती ताकद संपांत दिसली. 1928 चा गिरणी संप सहा महिने चालला. त्यात आणि पुढच्या लढ्यांत कामगार स्त्रिया मोर्चात, दारावरच्या पहाऱ्यात पुढे होत्या. उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांनी गिरणगावात त्यांना संघटित केले. दोघींची आत्मकथने मराठीत आहेत. उषाताईंच्या पुस्तकाचे नावच ‘पण ऐकतं कोण’ असे आहे. रस्त्यावर, चाळीत, गिरणीच्या दारात स्त्रियांचा शब्द चालत होता. वाटाघाटीच्या टेबलाशी मात्र पुरुष बसत. हॉथॉर्नच्या खोलीत जे घडले ते परळ-लालबागेतही घडले, निराळ्या माणसांकडून आणि निराळ्या भाषेत.

गिरण्यांच्या या अनुभवाशी जुळणारा एक निष्कर्ष ईगली आणि काराऊ यांनी 1991 मध्येच काढला होता. बिनपदाचे पुढारी कसे उभे राहतात यावरचे अनेक अभ्यास त्यांनी एकत्र तपासले. गट थोड्या वेळापुरता जमलेला असेल आणि काम तांत्रिक असेल, तर पुरुष सहज पुढे येतात. गट दीर्घकाळ टिकला, कामात माणसांशी गुंतागुंतीचा व्यवहार आला, की हे अंतर कमी होत जाते. लोकांना एकमेकांचे काम पाहायला वेळ मिळतो, तेव्हा आधीचा ठसा पुसट होतो. दोन दिवसांच्या प्रकल्पासाठी जमवलेला गट आणि दहा वर्षे एकाच खात्यात घालवलेल्या बायका यांच्यात हाच फरक आहे. आज कंत्राटी आणि तात्पुरत्या गटांवर कामाची मदार वाढते आहे, त्या दृष्टीने ही काळजी करण्यासारखी गोष्ट आहे.

आता उपायांकडे. प्रश्न बोलणाऱ्या बाईचा नसून ऐकण्याच्या व्यवस्थेचा असेल, तर सुधारायची ती व्यवस्था. ती सुधारते का? सुधारते, आणि याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण फार उंचावरचे आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश असतात आणि मत प्रत्येकाचे एकच. तेथे तोंडी युक्तिवादाच्या वेळी कोण कोणाला तोडतो याची मोजदाद टोन्या जेकोबी आणि डिलन श्वीअर्स यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केली. स्त्री न्यायाधीशांना त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त वेळा तोडले जात होते. तोडणारे सहकारी न्यायाधीश होते, आणि न्यायाधीशांना मध्ये तोडायचे नाही असा नियम असलेले वकीलही. न्यायव्यवस्थेतल्या सर्वोच्च पदावर बसूनही हे घडत असेल, तर मोठ्या आवाजात बोलण्याच्या कार्यशाळेने काय साधणार? वर्षे गेली तशा या स्त्रिया प्रश्नाआधीची सौजन्याची प्रस्तावना गाळून थेट प्रश्न विचारू लागल्या, असेही अभ्यासात दिसले. जुळवून घेतले ते त्यांनी. 2021 मध्ये मात्र न्यायालयाने पद्धत बदलली. मोकळ्या प्रश्नोत्तरांनंतर प्रत्येक न्यायाधीशाला ज्येष्ठतेच्या क्रमाने विचारायची संधी मिळू लागली. या बदलामागे अशा अभ्यासांचाही वाटा होता, असे न्यायमूर्ती सोनिया सोतोमायोर यांनी जाहीरपणे सांगितले.

निर्णय कसा घ्यायचा याचा नियमही तितकाच परिणाम करतो. क्रिस्टोफर कार्पोविट्झ, टाली मेंडेलबर्ग आणि ली शेकर यांनी 2012 मध्ये पाचजणांच्या गटांचा अभ्यास मांडला. गटात स्त्रिया थोड्या आणि निर्णय बहुमताने, असे असले की त्या आपल्या वाट्यापेक्षा पुष्कळ कमी बोलत. त्याच थोड्या स्त्रिया, पण निर्णय एकमताने घ्यायचा, असे ठरले की हे अंतर जवळजवळ मिटे, कारण आता त्यांना वगळून पुढे जाता येत नव्हते. आणि स्त्रिया जास्त असल्या, तर बहुमताचा नियम त्यांच्या उपयोगी पडे. एकच नियम सगळीकडे लावून भागत नाही. गटात कोण किती आहेत ते पाहूनच तो निवडावा लागतो. यात फायदा फक्त स्त्रियांचा नाही. अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 699 जणांवर केलेल्या अभ्यासात, ज्या गटांत बोलण्याची पाळी सगळ्यांना सारखी मिळे ते गट निरनिराळ्या कामांत अधिक हुशार ठरले. एकदोघेच बोलत राहिले तेथे गटाची बुद्धी घटली.

शेवटी उरते ते नावाशिवाय होणारे काम : इतिवृत्त लिहिणे, बैठकीची जुळवाजुळव, नव्या माणसाला शिकवणे. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांच्या 2017 च्या प्रयोगांत, कोणालाच नको असलेले पण कोणीतरी करायलाच हवे असलेले काम मिश्र गटात स्त्रियांनी पुरुषांपेक्षा बरेच जास्त वेळा अंगावर घेतले, आणि असे काम मागायचे झाले तर मागणारा पुरुष असो वा स्त्री, मागितले स्त्रीकडेच. गट केवळ पुरुषांचा असला, की तेच काम पुरुष निमूट उचलत. तेव्हा हे काम कोणाच्या स्वभावात नाही. कोण करील याच्या अपेक्षेत आहे. यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. “कोण करतंय?” असे विचारायचे नाही, पाळी लावायची. या महिन्यात इतिवृत्त एकाने लिहायचे, पुढच्या महिन्यात दुसऱ्याने. आणि त्या इतिवृत्तात ठरावासोबत तो पहिल्यांदा कोणी सुचवला तेही लिहायचे.